फॉर्म भरताना ब्राउझर भलत्याच संकेतस्थळावर नेतो. हे मुळापासून कसे थांबवावे?

फॉर्मकेंद्र_नंदनवन

नमस्कार. नागपुरात नंदनवन भागात माझे ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे छोटे केंद्र आहे. तीन संगणक, एक प्रिंटर आणि एकच वायफाय राउटर एवढ्यावर काम चालते. दहावी-बारावीचे निकाल लागल्यानंतर उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, शिष्यवृत्ती आणि प्रवेशाचे अर्ज यांची एकच गर्दी होते, आणि नेमक्या त्याच दिवसांत हा त्रास वाढला आहे.

शोधयंत्रात एखाद्या योजनेचे नाव टाकून निकालातील लिंकवर क्लिक केले की पत्त्याच्या पट्टीत क्षणभर एक अनोळखी पत्ता दिसतो, आणि मग हवे ते पान न उघडता ‘अभिनंदन, आपण मोबाइल जिंकला आहात’ अशा धर्तीचे पान किंवा कधीही न पाहिलेले एखादे शोधयंत्र समोर येते. दर वेळी असे होत नाही. तीच लिंक पुन्हा उघडली तर बरेचदा योग्य ठिकाणी जाते. तिन्ही संगणकांवर क्रोम आहे आणि तिन्हींवर हा प्रकार होतो. त्यांपैकी एका संगणकावर तर ब्राउझर बंद असतानाही उजव्या कोपऱ्यात खाली ‘संगणकात व्हायरस आढळला’ अशा सूचना येत राहतात. शिवाय शहरातील एका खासगी शिकवणीवर्गाचे संकेतस्थळ आहे, तेथे विद्यार्थी सराव प्रश्नपत्रिकांसाठी जातात. ते उघडले की हमखास दुसरीकडेच जाते.

एका व्हिडिओत सांगितले होते की फायरफॉक्स वापरून त्यात रिडायरेक्टची, म्हणजे एका पानावरून आपोआप दुसऱ्या पानावर नेले जाण्याची, मर्यादा शून्य करावी, म्हणजे कोणतेही पान कोठेही नेऊ शकणार नाही. परंतु आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक अर्जात शुल्क भरावे लागते, आणि त्या वेळी पान बँकेकडे जाऊन परत येते. मर्यादा शून्य केली तर त्याचे काय होईल, ही शंका असल्याने मी अजून काहीही बदललेले नाही. लोक आपले आधार आणि बँकेचे तपशील विश्वासाने माझ्यासमोर ठेवतात, त्यामुळे हा प्रश्न केवळ गैरसोयीचा राहिलेला नाही. कृपया नेमके मार्गदर्शन करावे.

बर्डी_संगणकदुरुस्ती

ताई, आपण काही बदलले नाही हे फार चांगले केले, कारण आपण वर्णन केलेले प्रकार एका कारणाचे नाहीत असे मला वाटते. तीन वेगळे त्रास एकाच वेळी दिसत आहेत, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. मी सीताबर्डीत संगणक दुरुस्तीचे काम करतो. ग्राहक बहुधा ‘व्हायरस आहे, फॉरमॅट करा’ असेच सांगत येतात, आणि फॉरमॅट करूनही पुढच्या आठवड्यात तोच त्रास परत येतो, कारण तो मुळात विंडोजमध्ये नसतोच.

म्हणून आधी उगम शोधावा. तिन्ही संगणकांवर एकच लक्षण दिसते म्हटल्यावर पहिला संशय राउटरवर जातो. तो तपासणे सोपे आहे: एका संगणकाचे वायफाय काढून त्याला मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्या आणि त्याच लिंक पुन्हा उघडून पाहा. त्रास तसाच राहिला तर राउटर निर्दोष समजावा. त्यानंतर त्याच संगणकावर क्रोमची गेस्ट विंडो उघडा. गेस्ट विंडोत कोणतेही एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे साधन, चालत नाही आणि जुन्या कुकी, म्हणजे संकेतस्थळांनी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या नोंदीही नसतात. तेथे सर्व सुरळीत चालले, तर दोष आपल्या क्रोम प्रोफाइलमध्ये आहे असे निश्चित धरावे. गेस्टमध्येही तोच प्रकार झाला, तर एज किंवा फायरफॉक्समध्ये पाहा. तेथेही झाला तर विंडोजमध्ये बसलेला एखादा प्रोग्राम किंवा बदललेली होस्ट्स फाइल (कोणत्या नावाचे संकेतस्थळ कोठे उघडायचे हे ठरवू शकणारी विंडोजमधील फाइल) शोधावी लागेल.

एकच सूचना: ही तपासणी करताना एका वेळी एकच गोष्ट बदला. हॉटस्पॉट, गेस्ट आणि दुसरा ब्राउझर हे सगळे एकदम केले, तर त्रास थांबेल पण कशामुळे थांबला ते कळणार नाही, आणि तो कोठून आला होता हेही अंधारात राहील.

आणखी एक पाहून ठेवा. डेस्कटॉपवरील क्रोमच्या चिन्हावर उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘टार्गेट’ची ओळ वाचा. ती ‘क्रोम डॉट ईएक्सई’ आणि अवतरणचिन्ह येथे संपायला हवी. त्यापुढे एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता चिकटवलेला दिसला, तर ते चिन्ह काढून टाकून नवीन बनवा.

आयटीपार्क_वेब

मी परसोडीच्या आयटी पार्कमध्ये संकेतस्थळे बांधण्याचे काम करतो, म्हणून रिडायरेक्ट कसे घडते ते सांगतो. ते कळले की व्हिडिओतील सल्ला का घातक आहे हे आपोआप लक्षात येईल.

पान दुसरीकडे जाण्याचे मुख्यतः तीन मार्ग आहेत. पहिला सर्व्हरचा, म्हणजे संकेतस्थळ जेथे ठेवलेले असते त्या संगणकाचा: ब्राउझरने पान मागितले की सर्व्हर ३०१, ३०२, ३०३, ३०७ किंवा ३०८ यांपैकी एक क्रमांक आणि नवा पत्ता पाठवतो, आणि ब्राउझर निमूटपणे तेथे जातो. लॉगिन झाल्यावर आपल्या खात्याचे पान उघडणे, शुल्क भरून झाल्यावर बँकेकडून पुन्हा अर्जाच्या पानावर येणे, जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर जाणे हे सगळे बहुधा याच मार्गाने होते. दुसरा मार्ग पानाच्या आत लिहिलेल्या रिफ्रेश आज्ञेचा. ‘पाच सेकंदांत आपल्याला पुढे नेले जाईल’ असे लिहिलेली पाने बरेचदा ती वापरतात. तिसरा जावास्क्रिप्टचा, म्हणजे पानासोबत येऊन ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडचा, आणि आपल्याला छळणाऱ्या जाहिराती प्रामुख्याने हाच वापरतात.

फायरफॉक्समधील जी मर्यादा व्हिडिओत शून्य करायला सांगितली आहे ती फक्त पहिल्या मार्गाला लागू होते. तिची मूळ किंमत २० आहे. एकामागून एक इतके रिडायरेक्ट झाले की ब्राउझर ‘येथे काहीतरी चक्र आहे’ असे समजून थांबतो. ती शून्य केली की प्रामाणिक संकेतस्थळांची कामे अडतात, आणि जावास्क्रिप्टने नेणारी लबाड पाने मात्र पूर्ववत चालू राहतात. शुल्क बँकेत कापले गेले पण अर्जाच्या पानावर त्याची नोंदच झाली नाही, अशी वेळ आपल्या केंद्रावर येऊ शकते. तेव्हा त्या आकड्याला हात लावू नये.

फायरफॉक्समध्ये ‘अबाउट:कॉन्फिग’ उघडून ‘ॲक्सेसिबिलिटी डॉट ब्लॉकऑटोरिफ्रेश’ ही नोंद ‘ट्रू’ केली तर दुसऱ्या मार्गाचे रिडायरेक्ट आपोआप न होता वर एक पट्टी येते आणि परवानगी मागितली जाते. ही सोय उपयोगी आहे, पण तिचे क्षेत्र तेवढेच आहे हे लक्षात ठेवावे.

क्रोममध्ये ‘सेटिंग्ज’, मग ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, मग ‘साइट सेटिंग्ज’ येथे ‘पॉप-अप्स अँड रिडायरेक्ट्स’ ही नोंद आहे. ती मुळात बंदच असते. तरीही उघडून खालची ‘परवानगी दिलेली संकेतस्थळे’ ही यादी अवश्य वाचा. केंद्रावर बसणाऱ्या कोणी घाईत एखाद्या पानाला परवानगी दिली असेल तर ते नाव तेथे सापडेल. पानात बसवलेल्या परक्या जाहिरातीच्या चौकटीने वाचकाने स्पर्शही केलेला नसताना संपूर्ण पान पळवून नेणे, हा प्रकार जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या क्रोम ६४ पासून ब्राउझरच अडवतो. पण त्या अडवणुकीला एक मर्यादा आहे, आणि सगळा धंदा त्याच फटीत चालतो: माणसाने स्वतः क्लिक केले की ब्राउझर ती त्याची इच्छा समजतो. म्हणून ‘निकाल पाहा’, ‘हॉल तिकीट डाउनलोड करा’ अशा नावांची जी असंख्य खासगी पाने असतात, ती संपूर्ण पानावर एक अदृश्य थर पसरून ठेवतात. आपण ‘डाउनलोड’वर बोट ठेवले असे आपल्याला वाटते, प्रत्यक्षात क्लिक त्या थरावर पडते आणि नवी खिडकी उघडते. मूळ पानावर परत येऊन दुसऱ्यांदा क्लिक केले की खरे बटण चालते. दर वेळी होत नाही असे आपण लिहिले आहे, त्याचे एक कारण हेही असू शकते. काही पाने कुकी ठेवून एका ब्राउझरला एकदाच पळवतात, जेणेकरून तक्रार करणाऱ्याला तो प्रकार पुन्हा दाखवताच येऊ नये.

महाल_अभ्यासिका

वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत. मी महाल भागात एक अभ्यासिका चालवतो आणि तेथे स्पर्धा परीक्षेची मुले सामाईक संगणक वापरतात, त्यामुळे थोडे वेगळे सांगावेसे वाटते.

अदृश्य थरांवर सेटिंग्जमधून उपाय नाही. त्यासाठी जाहिराती अडवणारे एक्स्टेन्शनच लागते. आम्ही फायरफॉक्समध्ये रेमंड हिल यांचे ‘यूब्लॉक ओरिजिन’ बसवले आहे. क्रोमने जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन्स बंद केल्यामुळे तेथे आता त्याचे ‘लाइट’ हे हलके रूपच मिळते; ते पुष्कळ काम करते, तरी मूळ एक्स्टेन्शनची बरोबरी करत नाही असे माझे मत आहे. घेताना नाव अक्षरशः तपासून घ्या, कारण मिळतीजुळती नावे घेतलेली भलतीच एक्स्टेन्शन्सही दुकानात असतात. मोबाइलवर क्रोममध्ये एक्स्टेन्शन बसत नाही, अँड्रॉइडवरील फायरफॉक्समध्ये मात्र बसते. आपल्याकडे येणारी बहुतेक मुले मोबाइलवरूनच हॉल तिकीट काढतात, त्यांना हे आवर्जून सांगावे.

दुसरे, योजनेचे नाव शोधयंत्रात टाकण्याची सवयच आपल्या केंद्रातून काढून टाका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. शोधाच्या निकालात सर्वांत वर ‘स्पॉन्सर्ड’ असे लिहिलेल्या जाहिराती असतात आणि शासकीय सेवेसारखे दिसणारे पान करून जादा पैसे उकळणारे लोक तेथे जागा विकत घेऊ शकतात. पारपत्राच्या बाबतीत तर परराष्ट्र मंत्रालयाने अशा बनावट संकेतस्थळांपासून सावध राहण्याचा इशारा जाहीरपणे दिलेला आहे. महाडीबीटी, आपले सरकार, पासपोर्ट, विद्यापीठ यांची खरी पाने एकदा नीट तपासून बुकमार्कच्या पट्टीवर ठेवा आणि केंद्रातील प्रत्येकाने तेथूनच जावे असा नियम करा. शासकीय पत्त्याच्या शेवटी बहुतेक वेळा ‘गव्ह डॉट इन’ किंवा ‘निक डॉट इन’ असते. ‘गव्ह’ हा शब्द मध्येच कोठेतरी घालून शेवटी दुसरेच काही असलेला पत्ता शासनाचा नव्हे.

फॉर्मकेंद्र_नंदनवन

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे एकेक करून तपासले. हॉटस्पॉटवरही त्रास तसाच होता. गेस्ट विंडोत मात्र शोधाच्या निकालांतील लिंक सगळ्या बरोबर उघडल्या. एकही भलतीकडे गेली नाही. शिकवणीवर्गाचे संकेतस्थळ मात्र गेस्टमध्येही, फायरफॉक्समध्येही आणि माझ्या मोबाइलवरही पळवतेच.

एक्स्टेन्शनच्या यादीत दोन पीडीएफ जोडणाऱ्या साधनांपैकी एक कोणी बसवले ते मला आठवत नाही, आणि त्याला ‘सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचण्याची व बदलण्याची’ परवानगी दिसते. आश्चर्य म्हणजे ते तिन्ही संगणकांवर आहे. तिन्हींवर केंद्राचे एकच गुगल खाते चालू आहे. त्यामुळे असे होते का?

बर्डी_संगणकदुरुस्ती

होय ताई, अगदी त्यामुळेच. क्रोममध्ये सिंक, म्हणजे एकाच खात्याची माहिती सर्व संगणकांवर सारखी ठेवण्याची सोय, चालू असले की बुकमार्क आणि पासवर्ड यांच्याबरोबर एक्स्टेन्शन्सही खात्यासोबत फिरतात. एका संगणकावर बसलेले एक्स्टेन्शन त्याच खात्याने चालणाऱ्या इतर दोन्हींवर आपसूक उतरते, आणि मग दोष राउटरचा असल्यासारखा भासतो. पीडीएफ जोडण्याच्या साधनाला प्रत्येक पानावरील मजकूर बदलण्याचे काहीच कारण नसते. ही परवानगी असलेले एक्स्टेन्शन शोधाच्या निकालातील लिंक मध्येच बदलू शकते, आणि भरलेल्या अर्जातील मजकूरही वाचू शकते. आपल्या केंद्राच्या दृष्टीने ही दुसरी बाब अधिक गंभीर आहे.

आधी तिन्ही संगणकांवर सिंक थांबवा. मग प्रत्येकावर ते एक्स्टेन्शन ‘रिमूव्ह’ करा. ‘रिमूव्ह’चे बटणच दिसत नसेल आणि मेनूच्या तळाशी ‘आपला ब्राउझर संस्थेद्वारे व्यवस्थापित आहे’ असे लिहिलेले असेल, तर एखाद्या प्रोग्रामने रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात, धोरण लिहून ते एक्स्टेन्शन जबरदस्तीने बसवले आहे असे समजावे. ‘क्रोम://पॉलिसी’ या पानावर ती नोंद दिसते. तशी वेळ आली तर मॅलवेअरबाइट्सचे ‘अॅडडब्ल्यूक्लीनर’ हे मोफत साधन चालवा. रजिस्ट्रीत स्वतः हात घालणे टाळावे. काढून झाल्यावर ‘रिसेट सेटिंग्ज’ करा. त्याने शोधयंत्र आणि सुरुवातीचे पान मूळ स्थितीत येते, कुकी जातात, एक्स्टेन्शन्स बंद होतात. बुकमार्क आणि जतन केलेले पासवर्ड मात्र राहतात. हे सगळे झाल्यावरच सिंक पुन्हा चालू करायचे की नाही ते ठरवा. सामाईक संगणकावर ते चालू नसावे असे माझे स्पष्ट मत आहे. केंद्राच्या खात्यांचे पासवर्ड या काळात टाइप झालेले आहेत, तेव्हा तेही बदला.

कोपऱ्यातील व्हायरसच्या सूचनांचा याच्याशी संबंध नाही. ‘आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा’ असे सांगणाऱ्या पानावर कोणीतरी ‘अलाउ’ दाबले की त्या संकेतस्थळाला सूचना पाठवण्याची परवानगी मिळते, आणि क्रोम पार्श्वभूमीला चालू असल्याने खिडकी बंद असतानाही त्या येत राहतात. ‘साइट सेटिंग्ज’मधील ‘नोटिफिकेशन्स’ उघडून अनोळखी नावे काढून टाका. आपल्या कामाला कोणत्याच संकेतस्थळाच्या सूचना लागत नाहीत, म्हणून विचारण्याची परवानगीच बंद केली तरी चालेल.

आयटीपार्क_वेब

राउटर निर्दोष ठरला हे उत्तम, तरी त्याचा मूळ पासवर्ड बदललेला नसेल तर आजच बदला, नाहीतर कोणी त्यात शिरून डीएनएस, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा सर्व्हर शोधून देणारी व्यवस्था, बदलू शकतो. ‘डीएनएसचेंजर’ नावाच्या मालवेअरने जगभरात सुमारे ४० लाख संगणकांचे डीएनएस बदलून लोकांना खोट्या पानांवर नेले होते. २०११ मध्ये एफबीआयने त्या टोळीवर कारवाई केली आणि त्या संगणकांसाठी तात्पुरते ठेवलेले बदली सर्व्हर ९ जुलै २०१२ रोजी बंद केले, तेव्हा ज्यांनी सेटिंग दुरुस्त केले नव्हते त्यांचे इंटरनेटच थांबले. आज बहुतेक पाने एचटीटीपीएसवर, म्हणजे संकेतस्थळाची ओळख प्रमाणपत्राने तपासणाऱ्या सुरक्षित जोडणीवर, असल्यामुळे डीएनएस बदलले तरी ब्राउझर प्रमाणपत्राचा इशारा देतो. तसा इशारा शासकीय पानावर आला तर ‘पुढे जा’ हा पर्याय कधीही निवडू नये.

शिकवणीवर्गाचे संकेतस्थळ सर्व ब्राउझरांत आणि मोबाइलवरही पळवते, याचा अर्थ आपल्या संगणकाचा त्यात काही दोष नाही. बहुधा त्या संकेतस्थळातच कोणीतरी शिरकाव केला आहे. जुने प्लगिन (जोड-साधने) न बदललेल्या, वर्डप्रेस या तयार प्रणालीवर बांधलेल्या संकेतस्थळांत हे नेहमी पाहायला मिळते. अनेकदा तो कोड शोधयंत्रातून आलेल्या वाचकालाच पळवतो. मालक थेट पत्ता टाइप करून येतो, म्हणून त्याला सगळे ठीक दिसते आणि आपली तक्रार त्याला पटत नाही. त्यांना कळवताना ‘मोबाइलच्या डेटावर, शोधयंत्रातून येऊन पाहा’ असे नेमके सांगा. ते दुरुस्त होईपर्यंत विद्यार्थ्यांना त्या पानावर पाठवू नका.

फॉर्मकेंद्र_नंदनवन

तिन्ही संगणकांवरून ते एक्स्टेन्शन काढले. बटण दिसत होते, त्यामुळे पुढचे काही करावे लागले नाही. शोधाच्या लिंक आता योग्य ठिकाणी जातात. नोटिफिकेशनच्या यादीत अनोळखी नावांची रांगच होती, तीही काढली. शिकवणीवर्गाच्या संचालकांना कळवले आहे. शुल्काचे दोन अर्ज भरून पाहिले. बँकेकडून पान व्यवस्थित परत आले.

दोन शेवटच्या शंका आहेत. ग्राहक स्वतः बसून काम करतात तेव्हा त्यांना गेस्ट विंडो दिली तर पुरेसे आहे का? आणि एखाद्या पानाने पूर्ण पडदा व्यापून ‘संगणक बंद केला आहे, या क्रमांकावर फोन करा’ असे दाखवले तर माझ्या अनुपस्थितीत मदतनीस मुलीने काय करावे?

महाल_अभ्यासिका

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण घाबरून फोन करणारे लोक मी पाहिले आहेत. त्या क्रमांकावर फोन करायचा नाही आणि पानावर कोठेही क्लिक करायचे नाही. ‘एस्केप’ कळ थोडा वेळ दाबून धरली की पूर्ण पडदा सुटतो. न सुटल्यास ‘कंट्रोल’, ‘शिफ्ट’ आणि ‘एस्केप’ एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा व तेथून क्रोम बंद करावे. पुन्हा उघडल्यावर ‘रिस्टोर’ विचारले तर नाकारावे, नाहीतर तेच पान परत येते. कोणी चुकून पैसे पाठवले असतील तर वेळ न दवडता सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा; पैसे पुढे सरकण्याआधी खाते गोठवले जाण्याची शक्यता तेव्हाच असते. हा क्रमांक मदतनीस मुलीच्या टेबलावर लिहून ठेवावा.

गेस्ट विंडो ग्राहकांसाठी अगदी योग्य आहे, कारण ती बंद केली की लॉगिन, कुकी आणि इतिहास पुसला जातो, आणि त्यांच्या खात्यातील एक्स्टेन्शन आपल्या संगणकावर उतरत नाही. क्रोमच्या चिन्हाच्या ‘टार्गेट’ ओळीत अवतरणचिन्हानंतर एक जागा सोडून दोन आडव्या रेघा आणि ‘गेस्ट’ हा शब्द इंग्रजीत लिहिला, तर ते चिन्ह थेट गेस्ट विंडोच उघडते. मात्र डाउनलोड केलेल्या फाइल तशाच मागे राहतात. लोकांची आधार कार्डे आणि गुणपत्रिका त्या ‘डाउनलोड्स’मध्ये साठत जातात, म्हणून ग्राहक उठला की तो फोल्डर आणि त्यानंतर रिसायकल बिनही रिकामे करण्याची जबाबदारी एकाच माणसाकडे नेमून द्या.